त्रेचाळीस नावांची यादी

अक्काला हॉस्पिटलनं घरी पाठवलं, त्या दिवशी मी मनातून जरा निर्धास्तच होते. हे आज सांगायलाही लाज वाटते. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की आता उपचार नाहीत. वेदना आटोक्यात ठेवणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, घरी येणारे मिळाले तर उत्तम. असे डॉक्टर कुठे मिळतील हे मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. सरकारी विम्याचं कार्ड घेणाऱ्या डॉक्टरांची यादी ज्या ऑफिसातून निघते, त्या ऑफिसात मी बावीस वर्षं खुर्ची झिजवतेय. मी कशाला कुणाला विचारू?

"ठमे, तुझ्या ऑफिसातलाच बघ कुणीतरी," अक्का टॅक्सीत म्हणाली. "माझं एवढं आयुष्य गेलं, कधी वशिला लावला नाही. आता लाव."

"वशिला कशाला लागतोय? यादी आहे," मी म्हटलं.

अक्का माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. आईवडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करत होती. तिनं मला वाढवलं, टायपिंगला घातलं, नोकरीच्या मुलाखतीला जाताना माझा ब्लाऊज तीनदा इस्त्री करून दिला. तिचा नवरा लवकर गेला, माझं लग्न राहून गेलं, आणि आम्ही दोघी दोन खोल्यांत एकमेकींच्या चुका काढत मजेत राहत होतो. आता तिचा आजार पाठीच्या हाडांत उतरला होता. हॉस्पिटलनं दिलेल्या गोळ्या पोटात जायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. पाठीपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. अक्का ओरडणारी नव्हे. ती दात आवळायची आणि चादरीच्या सुरकुत्यांवर राग काढायची. "ही चादर आहे का पोतं?" म्हणायची. तिसऱ्या दिवसापासून तिनं चादरीला नावं ठेवणं सोडलं, तेव्हा मी घाबरले.

आमच्या ऑफिसात मी हेल्पलाइनवर बसते. लोक फोन करतात, मी त्यांचा कार्ड नंबर घेते, आजार विचारते आणि ठरलेलं वाक्य म्हणते: "तुमच्या भागातल्या डॉक्टरांची यादी पाठवत आहे, कृपया थेट संपर्क साधावा." दिवसातून तीस वेळा तरी हे वाक्य माझ्या तोंडून जातं. वर्षातून एकदा हीच यादी तपासायचं कामही माझ्याकडेच असतं. सगळ्या आजारांची मिळून अकराशे नावं आणि मुदत पंधरा दिवस. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. प्रत्येक नंबरवर फोन करायचा, उचलला नाही तर पुढच्या रकान्यात लिहायचं, 'बदल नाही', आणि शेजारी सही. रीत माझ्या आधीपासूनची. मी आले तेव्हा मला ती शिकवली गेली, आणि पुढे मी ती दोघा-तिघांना शिकवली.

'शेवटच्या आजारातली सेवा' या मथळ्याखाली त्रेचाळीस नावं होती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी पहिल्या नावाला फोन लावला.

"बोला, कोणते मासे हवेत?" पलीकडून आवाज आला.

तिथे काचेच्या टाक्यांतले शोभेचे मासे मिळत होते. डॉक्टर कुठे गेले ते त्या माणसाला माहीत नव्हतं. दुकान घेऊन त्याला सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या नंबरवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "ते जाऊन चार वर्षं झाली हो. पण तुमच्या ऑफिसचं पत्र दर वर्षी येतं त्यांच्या नावानं. मी सगळी जपून ठेवलीत." मी आभार मानून फोन ठेवला. कशाचे आभार, देव जाणे.

तिसरे डॉक्टर डोळ्यांचे निघाले. चौथ्यांच्या रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "कुठलं कार्ड? सरकारी? ते आम्ही घेत नाही, मॅडम." तिनं 'मॅडम' अशा सुरात म्हटलं की मला आपण फुकट जेवायला आलोय असं वाटलं. सातव्या ठिकाणी कार्ड घेत होते, पण पहिली तारीख पाच महिन्यांनी होती.

"पाच महिने?" मी म्हटलं. "अहो, ज्याच्याकडे पाच महिने आहेत तो तुमच्याकडे कशाला येईल?"

"मॅडम, तुम्ही चिडू नका."

"चिडू नको तर काय आरती ओवाळू?"

माझ्या शेजारच्या खुर्चीवर चिमणी बसते. तिचं हे नाव ऑफिसनं ठेवलेलं, कारण ती दिवसभर एकच बिस्कीट टोचून टोचून खाते. अकरा वर्षं आमच्या दोघींच्या मध्ये कमरेएवढी फळी आहे, बाकी आडपडदा नाही, असा माझा समज होता. तिचे वडील दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते. दर गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे एक नर्स येते, असं ती सांगायची, आणि त्या वेळी तिला घरी जावं लागायचं. म्हणून गुरुवारी दुपारी तिचे फोन मी घ्यायची. वर्षभर, एकही गुरुवार न चुकवता. साहेबांनी विचारलं की मी सांगायची, ती टॉयलेटला गेलीय. एवढ्या वेळा टॉयलेटला जाणारी बाई साहेबांनी आयुष्यात पाहिली नसेल.

तीच चिमणी आता माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवायची. "सापडेल गं," म्हणायची. "नेट लावून कर. कुणीतरी उचलेलच." मी फोन ठेवला की मान वाकडी करून विचारायची, "काय म्हणाले?" आणि मी सांगितलं की तोंडानं च्च च्च करायची.

असे नऊ दिवस गेले. रोज पाच फोन, कधी सहा, कारण माझे स्वतःचे फोनही घ्यावे लागत होते. आणि त्या फोनांवरच्या लोकांना मी काय सांगत होते? तेच वाक्य. यादी पाठवत आहे, थेट संपर्क साधावा. पाचव्या दिवशी एका माणसानं विचारलं, "ताई, यातले कुठले खरे आहेत?" मी म्हटलं, "सगळे नोंदणीकृत आहेत." आणि फोन ठेवून पुढचा मासेवाला शोधायला लागले.

आठव्या दिवशी एक डॉक्टर स्वतः फोनवर आले आणि माझ्यावर तुटूनच पडले. "तुम्ही त्या ऑफिसातूनच बोलताय ना? तीन पत्रं लिहिलीत मी. तीन! माझं नाव काढा म्हणून. मी आता हे काम करत नाही, मला गुडघ्याचा त्रास आहे, मी घराबाहेर पडत नाही. तरी तुम्ही माझ्या दारात मरणारी माणसं पाठवता. त्यांना परत पाठवताना मला काय वाटतं, याचा कधी विचार केलात?"

मी संध्याकाळी रेकॉर्डच्या खोलीत गेले आणि फाईल काढली. तिन्ही पत्रं होती. व्यवस्थित, तारखेनुसार लावलेली. प्रत्येकावर कोपऱ्यात शेरा होता: 'नोंद घेतली. बदल नाही.' पहिल्यावरची सही जुन्या क्लार्कची होती. दुसऱ्यावरची आणि तिसऱ्यावरची माझी. मला ती पत्रं वाचल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. बहुतेक वाचलीच नसतील.

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांनी उभ्या आयुष्यात हेल्पलाइनचा फोन कानाला लावलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकतात.

"साहेब, या त्रेचाळिसांतला एकही खरा नाही," मी म्हटलं. "मी चाळीस जणांना फोन केलेत."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, नियमानं या सेवेसाठी किमान चाळीस डॉक्टर दाखवावे लागतात. चाळिसाच्या खाली आलो तर वरून ही सेवाच बंद करतील. मग आहे तेही जाईल."

"काय आहे? जाण्यासारखं काय आहे?"

"यादी आहे ना," साहेब म्हणाले. "माणसाला हातात काहीतरी दिलं की धीर येतो."

घरी येऊन अक्काजवळ बसले. तिनं विचारलं, "झालं का गं?" मी म्हटलं, "होईल उद्यापर्यंत." तिनं डोळे मिटले. तिच्या ओठांवर दातांचे व्रण होते. माझ्या ऑफिसवर तिचा एवढा विश्वास होता, की दुखण्यापेक्षा तोच मला बघवत नव्हता.

नवव्या दिवशी उरलेले तीन फोन झाले आणि त्यांनीही वाटाण्याच्या अक्षता लावल्या. त्याच दिवशी चिमणी आली नाही. तिचे वडील पहाटे गेले, असा निरोप आला. मी तिच्या वाटचे फोन घेतले.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी चिमणी माझ्या घरी आली. आत यायला तयार नव्हती. जिन्यातच उभी राहिली, डोळे सुजलेले, हातात घडी घातलेली चिठ्ठी.

"या बाईंना फोन कर," ती म्हणाली. "डॉक्टर आहेत. कार्ड घेतात. घरी येतात. मी बोललेय त्यांच्याशी, उद्या येतील."

मी चिठ्ठी उघडली. एक नंबर होता. यादीत नसलेला.

"या कोण?"

"बाबांकडे यायच्या त्या."

"बाबांकडे तर नर्स यायची ना?"

ती पायरीकडे बघत बोलायला लागली आणि थांबेचना. बाई कार्डवाले सहाच पेशंट घेतात. त्यांनी नाव यादीतून काढून घेतलंय. त्यांनी बजावलं होतं की नंबर ऑफिसात फुटला तर मी येणं बंद करीन. बाबा तीन महिने तळमळत होते, बाईंच्या औषधानं झोपायला लागले. ती कशी सांगणार होती? आणि सांगून उपयोग काय होता, सहाच्या सहा जागा भरलेल्या होत्या. आता बाबा गेले, जागा झाली, म्हणून पहिली ती माझ्याकडे धावत आली.

"नऊ दिवस," मी म्हटलं. "नऊ दिवस तू माझ्याशेजारी बसून मला पाणी देत होतीस."

"जागा नव्हती गं. शपथ. जागा असती तर मी सांगितलं नसतं का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी मनात म्हटलं. पण समोर बाप गेलेली मुलगी उभी होती. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावर रडली आणि मीही रडले. तिच्या जागी मी असते तर मीही ताकाला तूर लागू दिली नसती, असं मी स्वतःला समजावलं. जागाच नव्हती तर बिचारी काय करणार?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाई आल्या. पन्नाशीच्या, खांद्यावर कापडी पिशवी, पायात सपाट बूट. आल्या आल्या हात धुतले, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि अक्काला विचारलं, "कुठे दुखतं, ते तुम्ही सांगा. कागद मी नंतर बघते." हॉस्पिटलातल्या कुणीही अक्काला हे असं विचारलेलं नव्हतं. अक्का वीस मिनिटं बोलली. मधेच चादरीबद्दलही बोलली.

बाईंनी मॉर्फिनचं पातळ औषध दिलं, मापाची पिचकारी दिली, मला भरून दाखवायला लावलं. "दर चार तासांनी. दुखेपर्यंत थांबायचं नाही, घड्याळ बघून द्यायचं. आणि हे पोट साफ व्हायचं औषध रोज, हे विसरलात तर मला शिव्या खाव्या लागतील." पहिला डोस त्यांनी स्वतः दिला आणि तासभर बसल्या. पाऊण तासानं अक्काच्या कपाळावरची आठी सुटली. ती आठी किती दिवसांपासून होती, हे आठी गेल्यावर मला कळलं. अक्का झोपली. तोंड उघडं टाकून, चक्क घोरत.

मी बाईंसाठी चहा केला. स्वयंपाकघरात उभ्यानंच त्या पीत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही यादीत का नाही?"

"होते पूर्वी. दिवसाला दोनशे फोन यायचे. बाकीच्यांपैकी कुणी उचलतच नाही, मग सगळा गाव माझ्याकडे. बघायचे पेशंट राहायचे आणि मी फोनच घेत बसायची. म्हणून चार खेपा घालून काढून घेतलं नाव." त्यांनी कप ठेवला. "पण तुमच्या बहिणीला फार सोसावं लागलं हो. मी तर महिन्यापूर्वीच तुमच्या त्या मैत्रिणीला म्हटलं होतं, एक जागा रिकामी झालीय, ओळखीत कुणी कार्डवाला गरजू असेल तर मला गुपचूप कळवा. ती म्हणाली, सध्या कुणी नाही."

"महिन्यापूर्वी?"

"हो. वेळ मोकळा होता म्हणून मग मी तिच्या वडिलांकडे आठवड्यातून दोनदा जायला लागले. सोमवारी संध्याकाळी आणि गुरुवारी."

महिन्यापूर्वी अक्का हॉस्पिटलातून आलीच नव्हती. पण त्यानंतर नऊ दिवस चिमणी माझा एकेक फोन ऐकत होती. जागा रिकामी आहे हे माहीत असून ऐकत होती. बापाला आठवड्यातला तो दुसरा फेरा मिळत राहावा म्हणून तिनं माझ्या अक्काला दात आवळत ठेवलं, आणि वर मला म्हणाली, नेट लावून कर. केसानं गळा कापला माझा. आणि काल जिन्यात मीच तिचे डोळे पुसले होते, त्या शपथेसकट. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या पिशवी उचलून गेल्या.

मी त्या दिवशी अक्काचा डोस घड्याळ बघून देत राहिले आणि मधल्या वेळात चिमणीला काय काय ऐकवायचं ते ठरवत राहिले. ऑफिसात सगळ्यांसमोर बोलायचं. गुरुवारांचा हिशेब मागायचा. तिच्या वडिलांचं नाव घ्यायचं की नाही, यावर माझं ठरत नव्हतं. शेवटी घ्यायचंच असं ठरवलं.

सकाळी अक्का जागी झाली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. उशीला टेकून बसली. चहा मागितला, अर्धा कप प्यायली. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघितले आणि त्या बाईला पिळायची अक्कल नाही, असं म्हणाली. मला हसू आलं. किती दिवसांनी.

मग तिनं विचारलं, "ठमे, हे औषध नवीन आलंय का?"

"नाही. जुनंच आहे."

"मग आधी का नाही दिलंस?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. दुकानात एखादी वस्तू काल का नव्हती, असं विचारावं तसं विचारलं.

मला हवाच होता हा प्रश्न. मी सगळं सांगायला लागले. माझ्या ऑफिसात एक आहे, चिमणी म्हणतात तिला, तुला माहीत आहे, मी जिचे फोन घ्यायची. तिला या बाई माहीत होत्या. जागा आहे हेही माहीत होतं. नऊ दिवस तिनं माझ्यापासून लपवलं. असली माणसं असतात बघ, मी म्हटलं, अकरा वर्षं शेजारी बसतात आणि…

"थांब," अक्का म्हणाली. "ती परकी. तिचा बाप मरत होता. तिचं जाऊ दे." ती विचार करत होती. बऱ्याच दिवसांनी तिला विचार करता येत होता. "तू तर म्हणालीस यादी आहे."

"यादीत या बाई नव्हत्या."

"मग यादीत कोण होतं?"

मी घड्याळाकडे पाहिलं, डोसला अजून वेळ होता.

"एवढी मोठी यादी. त्यात कुणीच नव्हतं?"

"नाही."

"हे तुला नऊ दिवसांत कळलं का आधीपासून ठाऊक होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. अक्का आजारी होती, औषधाच्या गुंगीत होती. पण तिनं मला वाढवलं होतं. माझं तोंड बघून तिला सगळं कळायचं. "थोडं थोडं ठाऊक होतं," मी म्हटलं. "एवढं वाईट असेल असं वाटलं नव्हतं."

"आणि ती यादी करतं कोण?"

"मी," मी म्हटलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, निदान शिवी तरी देईल. तिनं उरलेल्या चहाचा कप माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून कूस बदलली. कूस बदलताना तिला दुखलं नाही, एवढं मला दिसलं.